अर्ध्या इंचाची चूक

माणूस आज आहे, उद्या नाही; पण नीट बेतलेला कोट माणसाच्या मागेही खांदे ताठ ठेवून उभा राहतो, असं मास्तरांचं ठाम मत होतं. हे मत मांडताना ते दुकानाच्या दर्शनी भागातल्या पुतळ्याकडे हात करत. त्या पुतळ्यावर त्यांनी ऐन उमेदीत कापलेला करडा कोट चढवलेला होता. कोटाला पाठीमागून कसर लागली होती. त्यामुळे पुतळा कायम भिंतीला पाठ लावून उभा असे, आणि एखादं गिऱ्हाईक कौतुकानं त्याच्या मागच्या बाजूला डोकावू लागलं की मास्तरांची बायको लगबगीनं त्याला बसायला स्टूल देई.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. पण मास्तर म्हटलं की मास्तरीण आलीच, म्हणून त्यांच्या बायकोला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणायची. दुकानात दोघांची वाटणी लग्नापासून ठरलेली होती. कापायचं मास्तरांनी, शिवायचं मास्तरीणबाईंनी. मोठ्या कात्रीला त्यांनी हात लावलेला मास्तरांना खपत नसे.

"तुझी सुई चुकली तर उसवता येतं," ते म्हणत. "माझी कात्री चुकली तर गिऱ्हाइकाची माफी मागावी लागते. आणि मला ती सवय नाही."

"माझी तर मागता कधी कधी," मास्तरीणबाई म्हणायच्या.

"तू गिऱ्हाईक थोडीच आहेस?"

मूलबाळ झालं नाही. दोघांनी त्याचा फार गाजावाजा केला नाही. दुकान होतं, दुकानामागे राहायची खोली होती आणि शेजारी सलून होतं. सलूनवाला मास्तरांचा जुना दोस्त. तो रोज संध्याकाळी नियमानं प्यायचा आणि मास्तर रोज संध्याकाळी नियमानं त्याला त्याबद्दल बोलायचे. दोघांचीही तब्येत उत्तम होती.

आजार काही चोरपावलांनी आला नाही. चांगला समोरच्या दारानं आला. या दोघांनीच त्याला ओळखलं नाही. आधी मास्तरांचा उजवा खांदा दुखू लागला. ते म्हणाले, कात्रीचा खांदा आहे, दुखणारच. मग उजव्या बरगडीखाली जड वाटू लागलं, कोणीतरी इस्त्री ठेवून विसरून गेल्यासारखं. ते म्हणाले, टेबलाची कड लागते. जेवायला बसले की दोन घासांत पोट भरायचं. ते म्हणाले, दिवसभर चहा ढोसल्यावर आणखी काय होणार? दुपारी कापता कापता डोळे मिटायचे. त्यावर मात्र ते काही म्हणाले नाहीत, कारण ते झोपलेले असायचे.

खरा घोटाळा झाला तो कपड्यांचा. शिंप्यानं ढगळ कपड्यांत दुकानात बसणं म्हणजे मास्तरांच्या लेखी आपल्याच पाटीवर डांबर फासणं. त्यामुळे पँट कमरेला जराशी ढिली वाटली की सकाळी ती बायकोच्या मशीनवर येऊन पडायची.

"जरा आत घे. कापड सैल पडलंय."

कापड सैल पडलंय. माणसाबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. मास्तरीणबाई पँट चिमटीत धरत, अंदाज घेत आणि टीप मारून देत. जगाला टेप लावणाऱ्या त्या दुकानात नवऱ्याला टेप लावायची पद्धत नव्हती. मग शर्ट आत घेतले. मग पुन्हा पँटी. मास्तर आरशासमोर उभे राहिले की आरसा सांगायचा, छान, अंगाबरोबर बसलंय. गिऱ्हाइकं म्हणायची, मास्तर, तब्येत राखलीय हो. मास्तर खूश. मास्तरीणबाई त्याहून खूश, कारण टीप त्यांची होती.

गल्लीतल्या डॉक्टरांकडे एकदा गेले, ते खांद्याला तेल कोणतं लावावं एवढंच विचारायला. डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. वजन कमी झालंय का, हे मास्तरांना माहीत नव्हतं. मग डॉक्टर म्हणाले, "बरं, कपडे सैल होतायत का?"

मास्तरांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू त्यांना विचारलं होतं, गिऱ्हाइकाचं कापड चोरता का. "माझे कपडे? सैल?"

डॉक्टरांनी मास्तरीणबाईंकडे पाहिलं. "नाही हो," त्या म्हणाल्या. "अगदी बरोबर बसतात."

दोघांपैकी कोणी खोटं बोललं नव्हतं. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या.

कपडे आत घेता येतात, चेहरा येत नाही. ते सलूनवाल्याच्या लक्षात आलं. दाढी करता करता तो थांबला. "मास्तर, गालांत खड्डे पडलेत तुमच्या. वस्तरा सरळ जात नाही. आणि ही कानशिलं कुणी कोरून नेली?"

"तुझा हात थरथरतोय. कमी पीत जा."

"हात माझाच थरथरतोय," सलूनवाला म्हणाला, "पण खड्डे तुमचेच आहेत." आणि अर्धी दाढी तशीच ठेवून त्यानं मास्तरीणबाईंना हाक मारली.

मोठ्या हॉस्पिटलात रक्त घेतलं, सोनोग्राफी झाली, मग शिरेतून औषध सोडून मोठा स्कॅन झाला. रिपोर्ट सांगायला एक तरुण डॉक्टरीण होती. खुर्ची पुढे ओढून दोघांच्या समोर बसली. तिनं कागदाकडे न बघता सांगितलं.

"लिव्हरमध्ये गाठ आहे. कॅन्सरची. मोठी आहे, आणि लिव्हरकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत शिरलीय."

"उजवा," मास्तर म्हणाले.

"हो, उजव्या भागातच आहे."

"गाठ नाही, तुमचा खांदा. उजवा खांदा अर्धा इंच उतरलाय. कोट रेडीमेड आहे ना?"

डॉक्टरिणीनं आपल्या खांद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो." मास्तरीणबाईंनी नवऱ्याचा हात दाबला. तो गार पडला होता.

"मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही," मास्तर म्हणाले. "हे आधी लिहून ठेवा. गल्लीत तोंड दाखवायचंय मला."

"दारूमुळे नाही झालेलं," ती म्हणाली. "हिपॅटायटिस बी नावाचा विषाणू आहे, बहुधा लहानपणापासून तुमच्या रक्तात असणार. तो वर्षानुवर्षं गुपचूप बसतो. आतल्या आत लिव्हरला व्रण पडतात, ते कडक होत जातं, आणि मग त्यात कधीतरी गाठ धरते. खांद्याचं दुखणंही तिथूनच येतं. बाईंचंही रक्त तपासू. त्यांना नसेल तर लस देऊन टाकू."

मास्तरीणबाईंना आपल्या रक्ताशी काही कर्तव्य नव्हतं. "कापून काढता येईल ना?" त्यांनी विचारलं. आयुष्यभर कापणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या बाईला दुसरं काय सुचणार?

"लहान असताना सापडली असती तर काढता आली असती. तशांपैकी निम्म्याहून जास्त लोक पाच वर्षांनीही हिंडत-फिरत असतात. पण लहान असताना ती फारसं दुखत-खुपत नाही, म्हणून सापडत नाही. आता शिरेत शिरल्यावर ऑपरेशन नाही, लिव्हर बदलणंही नाही."

"मग किती?" मास्तरांनी विचारलं. कापड किती लागेल, हे विचारावं तसं.

"अशी माणसं एका रांगेत उभी केली, तर मधल्या माणसाला साधारण सहा महिने मिळतात. एक गोळी आहे. तिच्यानं सरासरी दोन-तीन महिने वाढतात."

मास्तरांनी मान हलवली. "मधल्या मापाचे कपडे कोणालाच नीट बसत नाहीत."

"खरंय," डॉक्टरीण म्हणाली. "कोणाला आखूड होतात, कोणाला लांब. तुम्हाला कसे होतील हे मला सांगता येणार नाही."

मास्तरांना ती तिथंच आवडली. पण पुढचं तिनं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. त्या गोळीनं पुष्कळांचे तळहात आणि तळपाय लाल होतात, सोलतात, फोड येतात. वस्तू पकडता येत नाही. मास्तरांनी उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याच्या मुळाशी कात्रीचा घट्टा होता.

"मग नको," ते म्हणाले.

सलूनवाल्याला बातमी सांगितली तेव्हा तो बराच वेळ वस्तरा पुसत राहिला. मग रागानं म्हणाला, "इतकी वर्षं मी पितोय आणि लिव्हर तुमचं? हा कुठला न्याय?" आणि त्या संध्याकाळी तो प्यायला नाही. दुसऱ्या दिवशी प्यायला, कारण न पिऊन मास्तरांना काही फरक पडलेला दिसला नाही.

मास्तरीणबाई रडल्या नाहीत. त्यांनी मशीनवर झाकण घातलं आणि हात बांधून स्टुलावर बसल्या. दुकानाच्या इतिहासातला तो पहिला संप.

"काय चाललंय?"

"काही नाही."

"ते दोन शर्ट द्यायचेत."

"द्या की. कापलेत तुम्ही. गिऱ्हाइकांना म्हणावं, असेच घाला."

"अगं, गोळी खाल्ली तर कात्री जाईल माझी."

"आणि नाही खाल्ली तर?"

मशीन बंद असलं की त्या दुकानात भिंतीवरच्या घड्याळाशिवाय आवाज नसे, आणि त्या दिवसांत तो आवाज दोघांनाही ऐकवत नव्हता. मास्तरांनी गोळी सुरू केली. मास्तरीणबाईंनी झाकण काढलं. आपण जिंकलो असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटण्याचा आनंद त्यांनी हात सोलायला लागेपर्यंत उपभोगला.

आधी तळहात लाल झाले, मग फोड आले. मास्तर कात्री उचलायचे आणि ठेवायचे. उचलायचे आणि ठेवायचे. सलूनवाल्यानं मलम आणलं, मऊ हातमोजे आणले. एका सकाळी मास्तरांनी कात्री मुठीकडून बायकोपुढे केली.

"धर."

"कशाला?"

"आता तू काप. मी सांगतो."

मास्तरीणबाईंनी हात मागे घेतला. लग्नाच्या पहिल्या वर्षी ही कात्री हातात यावी म्हणून त्या रुसल्या होत्या. आता ती समोर आली तर त्यांना तिच्याकडे बघवेना.

"मी गेल्यावर दुकानाला कुलूप लावणार का?" मास्तर म्हणाले. "बसून काय करशील? मला शिव्या देत बसशील. त्यापेक्षा काप."

पहिलं काम त्यांनीच ठरवलं. डॉक्टरिणीचा कोट. माप नजरेनं घेतलेलं होतं. दर खेपेला ती तपासायची मास्तरांना, आणि मास्तर तिला. "त्या पोरीला दिवसातून दहा जणांना वाईट बातमी द्यावी लागते," ते म्हणाले. "निदान अंगातला कोट तरी सरळ हवा."

पांढरं सुती कापड आणलं. मास्तर उशीला टेकून खुर्चीत बसले, खडूची रेघ कुठं द्यायची ते बोट न टेकवता दाखवत राहिले. मास्तरीणबाईंनी पुढचा भाग कापला. मास्तरांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मुंढा, म्हणजे बाही बसते ती गोलाई, अर्धा इंच खोल गेला होता.

"डोळे कुठं ठेवून आली होतीस?"

"चुकलं."

"गिऱ्हाइकाला काय सांगू, हात वर करू नका?"

ते चांगलं घटकाभर बोलले. बोलताना गालांवर रंग चढला, पाठ ताठ झाली. मास्तरीणबाई खाली मान घालून ऐकत राहिल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना मनातून बरं वाटलं. कारण नवऱ्याचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. शिकवायला घेतलेलं काम अर्ध्यावर टाकून जाणारा हा माणूस नव्हे. काज करायला शिकवलं होतं तेव्हा जमेपर्यंत ताप अंगावर काढला होता. म्हणजे जोवर आपल्याला कापता येत नाही तोवर यांना जाता येणार नाही. डॉक्टरांना यातलं काय कळणार? त्यांच्या रांगेतल्या मधल्या माणसाला बायको होती की नाही, आणि असली तर ती किती ढ होती, हे कुठं धरलेलं असतं?

पुढच्या खेपेला त्यांनी पुन्हा मुंढा बिघडवला. मास्तर पुन्हा बोलले. त्याच्या पुढच्या खेपेलाही.

दरम्यान पुढचा स्कॅन झाला. गाठ वाढली होती. गोळी बंद केली. हात हळूहळू बरे होऊ लागले, पण आता त्या हातांत कात्रीचं वजन पेलण्याइतकी ताकद उरली नव्हती. डोळे पिवळे झाले. अंगाला खाज सुटायची. पावलं सुजली आणि पोटात पाणी भरलं. हॉस्पिटलात सुई घालून ते काढायचे. चार दिवस बरे जायचे, पुन्हा भरायचं. खांदे खुंटीसारखे आणि पोट मडक्यासारखं. दिवसा मास्तर झोपून असायचे, आणि कधी कधी समोर नसलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायचे, सरळ उभे राहा. डॉक्टरिणीनं मास्तरीणबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "आता महिने नाही म्हणणार मी. आठवडे." सांगताना तिचा खांदा उतरलेलाच होता.

"कोट व्हायचाय अजून तुमचा," मास्तरीणबाई म्हणाल्या, बजावल्यासारखं.

पँट कमरेला लागेना, म्हणून त्या उसवायला बसल्या. मास्तरांची खाट आता दुकानातच, कापायच्या टेबलाशेजारी टाकली होती. शिवण उघडली तशी आत एक टीप निघाली. ती उसवली, तर आत आणखी एक. तिच्या आत आणखी एक. प्रत्येक टीप त्यांच्याच हातची; कोणती कधी मारली तेही आठवत होतं. तो माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत त्या कापडातून निघून चालला होता आणि त्या मागून दार लोटून घेत होत्या, नीट, आवाज न करता.

पँट मांडीवर तशीच राहिली. मास्तर जागे होते.

"मी आत घेत गेले," त्या म्हणाल्या.

"मीच सांगत होतो."

"मला कळायला हवं होतं. रोज माप बघणारी बाई मी."

मास्तर बराच वेळ त्या टिपांकडे बघत राहिले. एकाशेजारी एक, मधलं अंतर जराही न ढळलेल्या.

"टीप मात्र सरळ आहे गं," ते म्हणाले.

आणि मग मास्तरीणबाई रडल्या. मशीनवर डोकं टेकून, चाकाला हात घट्ट धरून. मास्तरांनी त्यांना रडू दिलं. उठून जवळ जाण्याची ताकद त्यांच्यात नव्हती, आणि लांबून समजूत घालणं त्यांना जमत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चांगले शुद्धीवर होते. सलूनवाला दाढी करून गेला. वस्तरा त्यानं इतका हळू चालवला की मास्तर म्हणाले, कापणारेस की रंगवणारेस? तो गेल्यावर त्यांनी बायकोला कापड पसरायला सांगितलं.

मास्तरीणबाईंनी पसरलं. खडू घेतला, रेघा मारल्या. कात्री उचलली.

"थांब. ते आधीचे तुकडे दाखव. बिघडलेले."

त्यांनी दाखवले. मास्तरांनी ते पोटावर एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या. मुंढ्याची गोलाई तंतोतंत जुळली. एकाच मापानं कापल्यासारखी.

"अडाणी माणूस चुकतो ना," मास्तर म्हणाले, "तो कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. तू दर वेळी अर्धाच इंच चुकलीस. एकाच जागी. तेवढं बेतून चुकायला बरोबर रेघ कुठून जाते ते पक्कं ठाऊक असावं लागतं."

मास्तरीणबाई टेबलावरचं कापड हातानं सपाट करू लागल्या.

"केव्हापासून येतं तुला?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाहेर गेलात की रद्दी कापडावर कापायची मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं का?"

मास्तर हसले. हसताना बरगडीखाली कळ आली म्हणून थांबले. थोडा वेळ डोळे मिटून पडले. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मी दमलोय गं," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण त्यात शिकवणं नव्हतं, रागावणं नव्हतं. तसा आवाज मास्तरीणबाईंनी आधी कधी ऐकला नव्हता. "किती वेळा तेच ते शिकवत ठेवशील मला? सोड आता."

त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. दुसऱ्या बाजूला नेहमी मास्तर उभे असायचे, तिथं आता नुसती भिंत होती. त्यांना वाटलं, कात्री खाली ठेवावी, चूल पेटवावी, काहीतरी सांडावं, मोडावं, पण हे एवढं करू नये. मग त्यांनी खाटेकडे पाहिलं. पिवळ्या चेहऱ्यावर, दाढी केलेल्या स्वच्छ गालांच्या खड्ड्यांत सकाळचा उजेड साचला होता. माणूस खरंच दमला होता. आपल्यासाठी तो रोज उठून बसत होता, आणि आपण त्याला झोपू देत नव्हतो.

त्यांनी कात्री लावली. कापड कापलं जाताना जो एकसारखा, न थांबणारा आवाज येतो, तो आला. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. मुंढ्याच्या वळणावर कात्री वळली, खडूच्या रेघेवरून, केसभरही आत-बाहेर न जाता, आणि सरळ शेवटाला जाऊन थांबली. उरलेलं कापड टेबलावरून खाली घसरलं.

मास्तरीणबाईंनी पुढचा भाग उचलून त्यांच्यासमोर धरला. आयुष्यभर ज्या एका शब्दासाठी त्या या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून राहिल्या होत्या, तो आता येणार होता, आणि तो आला की मागं काही उरणार नव्हतं. मास्तरांनी डोळे उघडले. मुंढा पाहिला. खांदा पाहिला. पुन्हा मुंढा पाहिला. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग हात मागे करून, बायकोकडे न बघता ते म्हणाले,

"ते खाली पडलंय ना, त्यातलं एखादं कातरण दे इकडे. नाक पुसायचंय."